अडुसष्ट किलो

वैजापूरला माझ्या थोरल्या भावाच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या दारावर, एक तक्ता सहा वर्षे चिकटवलेला होता. तो मी केला होता. निळ्या शाईत सकाळ, दुपार आणि संध्याकाळचे रकाने, लाल शाईत वर्ज्य पदार्थ, आणि तळाशी दर महिन्याचे वजन लिहायला मोकळी जागा. मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. तक्ता नीट आखणे ही मला येणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी एक, आणि समोरासमोर बोलणे ही न येणाऱ्या पुष्कळ गोष्टींपैकी. म्हणून दादाचे वजन सत्त्याण्णव किलो झाले तेव्हा मी त्याला काहीच म्हणाले नाही. भाऊबीजेला ओवाळले आणि ताटातल्या सुपारीशेजारी या तक्त्याची गुंडाळी ठेवून दिली.

त्याने कागद हातभर लांब धरून वाचला.

"बहिणीनं ओवाळणी घ्यायची का भावाला परीक्षेचा पेपर द्यायचा, बाई? तूप नाय, भात नाय, शेंगदाणे नाय. मग मी जगायचं कशावर, तुझ्या अक्षरावर?"

घर हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यात माझे म्हणणे विरघळून गेले. वहिनीने तो तक्ता कौतुकाने फडताळावर लावला आणि त्या फडताळातूनच तुपाचा डबा काढून दादाच्या भाकरीवर धार धरली.

दादा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होता. शेतकऱ्याने आणलेला माल तोलायचा आणि तो किती भरला हे सर्वांना ऐकू जाईल असे सांगायचे, एवढेच त्याचे काम. पण ते त्याने असे केले की दोघांचे भांडण लागले तर लोक म्हणत, मापाडी म्हणतील ते खरे. पोते चढवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे की नाही, हे तो खाली वाकून पाहत असे. पोट सुटल्यावर वाकताना त्याला धाप लागू लागली. हमाल म्हणत, "मापाडी, आता तुम्हालाच एकदा काट्यावर घेतो. दोन पोती भरताल." तो म्हणे, "भरीन की. पण मला इकत घेणारा आडत्या जन्माला यायचाय अजून."

त्याला छातीत जळजळ होत असे. वर्षानुवर्षे. रोज संध्याकाळी तो ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून, फेस खाली बसण्याआधी, एका दमात पिऊन मोठी ढेकर देई. मी ते असंख्य वेळा पाहिले. आम्ल आणि अल्कली यांची अभिक्रिया मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे, आणि माझ्या डोळ्यांसमोर तीच अभिक्रिया माझ्या भावाच्या पोटात रोज घडत असताना मला एवढेच वाटले की ती रासायनिकदृष्ट्या बरोबर आहे. माझ्या तक्त्यात सोड्याला रकाना नव्हता. गिळताना त्रास होतो का, असे विचारणारी ओळही नव्हती.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला त्याचे वजन शहाऐंशी झाले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता. ओवाळताना मला जो आनंद झाला तो आठवला की आजही माझा संताप होतो. पाच वर्षे नुसता फडताळावर राहिलेला माझा कागद सहाव्या वर्षी फळाला आला, असे मला वाटले. ताटात त्याने भाकरी तशीच ठेवली, खीर वाटीने पिऊन घेतली.

"भाकरी?" मी विचारले.

"तुझा तक्ता पाळतोय. आता तूच बळं खाऊ घालती का?"

मी लाजले. मी! शहरात परतल्यावर माझ्याबरोबर शिकवलेल्या दोन मैत्रिणींना मी त्या तक्त्याची नक्कलसुद्धा काढून दिली.

राखीपौर्णिमेला दोघे माझ्याकडे चिकलठाण्याला आले. दार उघडले आणि क्षणभर मला वाटले, वहिनीबरोबर दुसरेच कोणी आले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीची भाकरी केली. पहिल्याच घासाला दादा थांबला. डोळे विस्फारले, हात छातीवर गेला, मग तो उठून मोरीपाशी गेला. परत आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो म्हणाला, "मिरची लागली." ताटात मिरची नव्हती.

वहिनी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"वन्सं, आता सांगूनच टाकते. साल होत आलं. आधी भाकर अडकायची, मंग पोळीबी. आता वरणात चुरून, घोटघोट पाण्यासंगं उतरवतेत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"ह्यांनी आण घातली. म्हणले, खाणं कमी करायला बाईनंच सांगितलंय. वजन उतरलं म्हणून ती खूश हाय, तिला कशाला घोर लावायचा."

त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढला गेला आणि निदान आले. अन्ननलिकेचा कर्करोग, जठराला मिळते त्या खालच्या टोकाशी. डॉक्टर शांतपणे समजावून सांगणारे होते. मी त्यांना विचारू की नको असे करत, अखेर विचारले, की वजनाचा याच्याशी काही संबंध आहे का. ते म्हणाले, आहे. पोटावरची चरबी आणि वर्षानुवर्षांची जळजळ यांनी नेमक्या या जागेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. प्रत्येक जाड माणसाला तो होतो असे नाही, पण वाढतो.

"म्हणजे वजन कमी करायला हवं होतं," मी म्हणाले.

"तेव्हा, हो. आता उलट आहे. आता यांचं वजन उतरणं हाच धोका आहे. शरीरात काही शिल्लक असेल तर केमो सोसतील, शस्त्रक्रिया सोसतील. नसेल तर आम्ही हात लावू शकत नाही."

म्हणजे मी बरोबर होते. सहा वर्षे बरोबर होते, आणि माझ्या बरोबर असण्याचा कोणाला काडीचा उपयोग झाला नव्हता; उलट तो आजार इतके दिवस माझ्याच अक्षराच्या आड लपून बसला होता.

त्या दिवशी दादाचे वजन बहात्तर भरले. पोटातून आतड्यात नळी घालून तिच्यातून अन्न द्यावे, असे डॉक्टरांचे मत होते. दादाने मान हलवली. "तोंड हाय की अजून." बरीच रदबदली झाली, आणि ठरले ते असे: वजन अडुसष्टच्या वर राहिले तर नळी नाही. अडुसष्टच्या खाली गेले तर नळी, आणि मग कुरकुर चालणार नाही.

दोघे माझ्याकडेच राहिले. तक्त्यात लाल शाईने लिहिलेले सगळे पदार्थ आता माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर ओळीने मांडलेले असत: तूप, साय, शेंगदाण्याचे कूट, केळी, साखर. मी ते मिक्सरमधून काढून, गाळून, पेल्यात भरून त्याच्यापुढे धरायची. तो चार घोट घ्यायचा आणि पेला मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहत राहायचा.

त्यातच भेटायला येणारी माणसे. आमची काकू लासूर स्टेशनहून आली, दादाकडे पाहिले आणि म्हणाली, "पोट गेलं ते एक बेस झालं बघ. कसा तरणा दिसतोस." मग माझ्याकडे वळून, "एवढं तूप कशाला गं घालतीस आजारी माणसाला? जड पडतं. दूध कफ करतं, केळं थंड. मुगाचं पाणी दे नुसतं. अन् ह्याला म्हणावं, मंगळवार धर."

दादाला कडकडीत उपासाचा सल्ला, आणि तोही आमच्याच घरात, माझाच चहा पीत! मी ट्रे हातात धरून उभी होते. बोलायची वाक्ये तयार होती, क्रमवार होती. मी म्हणाले, "काकू, साखर पुरेशी आहे ना?" त्या संध्याकाळी दादाने पेल्याला हात लावला नाही. "काकू म्हणली ते खरं हाय. जड पडतं."

वजनासाठी मी घरात नवा काटा आणला. दादाने तो उलटा करून पाहिला आणि पायाने बाजूला सारला. "ह्याला वजनमापवाल्यांचा पासिंगचा शिक्का कुठंय? असल्या काट्यावर मी कांदासुद्धा चढवला नाय कधी." मी आग्रह केला नाही. मी आग्रह करीत नाही.

रुग्णालयातल्या काट्यावर मात्र तो निमूट चढायचा. दुसऱ्या केमोच्या आधी सिस्टरने सांगितले, "बाबा, चपला काढा."

"काढल्या. कपड्याचं काय? मोंढ्यात पोत्याचं वजन करताना रिकामं बारदान वजा करतेत."

"तुमच्या कपड्याला काय वजन असतंय, बाबा? चढा तुम्ही."

एकोणसत्तर आणि पाचशे ग्रॅम. वहिनीने तिथेच हात जोडले. मी परत येताना रिक्षात त्याला तीनदा विचारले, आणखी काय आवडेल. मला तेव्हा खरोखरच वाटले की मिक्सर जिंकतो आहे.

दुसऱ्या दिवशी धुवायला टाकताना त्याची आतली बंडी मला जड लागली. दोन्ही खिशांत अर्ध्या अर्ध्या किलोचे एकेक लोखंडी वजन होते. षट्कोनी, काळे, तळाशी शिशाचा गोल ठसा असलेले. ते त्याच्या जुन्या तराजूचे होते, त्याच्या हातांनी गुळगुळीत केलेले. ते त्याने वैजापूरहून कधी आणि कशात घालून आणले, मला आजही ठाऊक नाही. याचा अर्थ खरे वजन अडुसष्ट आणि पाचशे होते.

अजून अडुसष्टच्या वर आहे, असे मी स्वतःला सांगितले. त्याची शरम राखावी, असेही सांगितले. ती वजने मी पुसून त्याच्या पिशवीत, पंचाखाली, ठेवून दिली. केमोचे औषध रुग्णाच्या वजनावर मोजून देतात, हे मला फाइलमध्ये वाचून ठाऊक होते. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने एक ग्रॅम चुकीचा लिहिला तर मी त्याला प्रयोग पुन्हा करायला लावत असे. इथे मी तीन आठवडे गप्प बसले. दर दिवशी सकाळी ठरवत असे की आज बोलायचे, आणि दर दिवशी त्याच्यापुढे पेला धरून विचारत असे, "साखर पुरेशी आहे ना?"

तिसऱ्या केमोच्या दिवशी काट्यावर चढताना त्याने आधारासाठी माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याच्या कुशीतले काहीतरी कठीण माझ्या कोपराला लागले. ते या वेळी अर्ध्या किलोचे नव्हते. काट्याने एकोणसत्तर आणि दोनशे दाखवले.

डॉक्टरांनी आकडा पाहिला. "छान. टिकवलंय तुम्ही. मग आजचा डोस याच वजनावर देऊ."

"वजन खरं नाही," मी म्हणाले.

माझा आवाज इतका लहान निघाला की त्यांनी "काय म्हणालात?" असे विचारले, आणि ते वाक्य मला दुसऱ्यांदा म्हणावे लागले.

दादाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने सदऱ्याची गुंडी सोडली, बंडीत हात घातला आणि एकेक वजन काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. एक किलोची दोन, अर्ध्याची दोन. ओळीने, मोठ्यापासून लहानापर्यंत, जशी ती तराजूशेजारी मांडतात.

"माप खोटं नाय," तो म्हणाला. "पासिंगची हायेत सगळी."

सिस्टरच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेले. डॉक्टर हसले नाहीत. "पुन्हा चढा," ते म्हणाले. सहासष्ट आणि दोनशे. त्या दिवशी केमो झाली नाही. नळीसाठी दुसऱ्या दिवशी भरती व्हायचे ठरले.

रिक्षात वहिनी आमच्या दोघांच्या मध्ये बसली. सिडकोचा सिग्नल आला. मग दादा रस्त्याकडे पाहतच म्हणाला, "पोतं कमी भरलं की परत लावत्यात, बाई. माल घेऊन आलेला माणूस दिवसभर उन्हात बसतो अन् संध्याकाळी तसाच माघारी जातो. मी लई बघितलेत. मला तसं माघारी जायचं नव्हतं."

"अहो, पण बाईनं काय वाईट केलं?" वहिनी म्हणाली.

"वाईट नाय. उशीर केला." त्याने आता माझ्याकडे पाहिले. "मागल्या खेपंला बंडी तूच धुतली होतीस ना? दोन्ही वजनं पिशवीत पंचाखाली सापडली मला. मी तर ती बंडीच्या खिशातच इसरलो होतो."

त्याला ठाऊक होते. तीन आठवडे तो वाट पाहत होता की मी काही बोलेन. आणि मी बोलले नाही तेव्हा त्याने ते संमतीसारखे घेऊन खिशात आणखी दोन किलो वाढवले. हे मला पचवता आलेले नाही. आमच्या घरात कोणी कोणाशी खोटे बोलत नाही, असे मी नेहमी अभिमानाने सांगत आले. आम्ही फक्त बोलत नाही.

नळी बसली. पोटाच्या डाव्या बाजूला एक बारीक रबरी टोक, त्याला झाकण. एकदम जास्त द्यायचे नाही, दर दोन तासांनी पातळ अन्न, मोठ्या पिचकारीने, हळूहळू. ते काम मी घेतले, कारण वहिनीला पिचकारी दाबायची भीती वाटे. बारा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, मी पलंगाशेजारी बसून पिचकाऱ्या मोजायची. तोंडातल्या तोंडात मोजले की आकडा चुकतो, म्हणून मोठ्याने मोजायची.

"एक," मी म्हणाले. तेरावा दिवस होता.

"लाभ," तो भिंतीला म्हणाला.

"काय?"

"पहिल्या मापाला एक म्हणत नसतेत. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. एवढी शिकलीस अन् बापाच्या घरी एवढं ऐकलं नाय?"

ऐकले होते. वडीलही मापाडी होते. मी पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

नंतरच्या दोन केमो खऱ्या वजनावर झाल्या. गाठ आकसली आहे, असे तपासणीत दिसले. आता शस्त्रक्रिया, पण डॉक्टरांची अट तीच. अडुसष्टला या, मी तारीख देतो. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, या शरीरावर ती करणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि लांबवत राहणे म्हणजे गाठीला मोकळीक, हेही त्यांनी लपवले नाही. नोव्हेंबरभर आम्ही ग्रॅमवर जगलो. सहासष्ट. सहासष्ट आणि चारशे. एका जुलाबात सहाशे ग्रॅम गेले आणि ते परत मिळवायला नऊ दिवस लागले. काकूचा फोन आला की मी आता वहिनीकडे देत नाही, स्वतः घेते आणि म्हणते, "काकू, मुगाचं पाणी नाही देणार." एवढे म्हणायला मला सहासष्ट वर्षे लागली.

परवा डिसेंबरातला पहिला कडाका होता. दादा स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून रुग्णालयात आला. काट्यापाशी आल्यावर त्याने, कोणी न सांगता, खिसे उलटे केले. रुमाल, घराची किल्ली, कंगवा, कागदात बांधलेला अंगारा. सगळे टेबलावर. मफलर काढून वहिनीकडे दिला. मग खाली वाकला, शून्य पाहिले आणि चढला.

अडुसष्ट आणि शंभर.

वहिनीने तोंडावर पदर घेतला. माझे डोळे भरून आले. सिस्टरने पेन उचलले. "झालं बाबा! आज तारीख घेऊनच जायचं."

दादा उतरला नाही. काट्यावर उभा राहून तो आपल्या अंगाकडे पाहत होता.

"थांबा सिस्टर. बारदान राहिलं."

"असू द्या हो, बाबा. स्वेटरच तर आहे."

"लोकरीचा हाय. भरतो."

त्याने स्वेटर डोक्यावरून काढला. एका बाहीत हात अडकला, तो मी सोडवला. मी तो सोडवायला नको होता, असे मला त्या क्षणी वाटले. शंभर ग्रॅमसाठी, एका स्वेटरसाठी, मी माझ्या भावाला खोटे उभे राहू द्यायला तयार होते. मी काही बोलले नाही. या वेळी बोलायला माझ्याकडे खरेच काही नव्हते.

सदुसष्ट आणि पाचशे.

सिस्टर पेन हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या, जणू मी काही म्हणावे. वहिनी पुटपुटली, "काय गरज होती? अहो, काय गरज होती?"

दादा थंडीने कापत होता. त्याने स्वेटर माझ्या हातातून घेतला, पण घातला नाही. आकडा लिहून होईपर्यंत त्याला काट्यावरून उतरायचे नव्हते.

"सदुसष्ट पाचशे," तो मोंढ्यातल्यासारखा, बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असा, मोठ्याने म्हणाला. "लिहा."

तारीख मिळाली नाही. दोन आठवड्यांनी या, असे सांगितले आहे. हे लिहिता लिहिता चार वाजले. या खेपेची पहिली पिचकारी भरायची वेळ झाली.